जंगलात फिरायला जाताना बंदुकीचं काय करायचं?

तीन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात एका अभयारण्याच्या गेटवर माझ्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यातून बारा बोअरचं एक काडतूस निघालं. बंदूक घरी कपाटात, कुलपात. पण हीच पिशवी मी आठवडाभर हरभऱ्याच्या वावरात जागलीला (रात्री पीक राखायला) नेत होतो आणि त्यातलं एक काडतूस खाली शिवणीत जाऊन बसलं होतं. गार्ड म्हणाला, "दादा, हे कायले आणलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरून लायसनचे फोटो मागवले, जबाब लिहून दिला, काडतूस तिथेच जमा झालं. पुण्याहून आलेले पाहुणे चार तास गाडीत चिवडा खात बसले.

मी म्हणत होतो, "अहो, बंदूक कुठे आहे माझ्याजवळ?" चूक माझीच होती. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये 'हत्यार' या शब्दाची व्याख्या कलम २(३५) मध्ये आहे आणि तीत बंदुकीबरोबर दारूगोळाही येतो. धनुष्यबाण, स्फोटकं, गळ, चाकू, जाळी, विष, फास, सापळे, सगळं त्या एका शब्दात. एक काडतूस म्हणजे कायद्याच्या लेखी हत्यारच.

विदर्भातल्या खेड्यांत लायसनची बंदूक ही काही फार अप्रूपाची गोष्ट नाही. कोणाकडे आजोबांच्या काळची भरमार (नळीच्या तोंडातून दारू भरायची बंदूक), कोणाकडे एकनळी, कोणाकडे दुनळी. पीक राखायला घेतलेल्या. आणि आता गावोगावच्या पोरांना ट्रेकचा नाद लागला आहे. नरनाळा, गाविलगड, नवेगावचा परिसर. मग कोणीतरी हमखास म्हणतं, "मामा, बंदूक घेऊ ना सोबत, अस्वल आलं तर?" हा लेख त्या मामासाठी आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पोरं मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ पाहून वाद घालतात. तिकडे २२ फेब्रुवारी २०१० पासून राष्ट्रीय उद्यानांत बंदूक जवळ बाळगता येते, उद्यान ज्या राज्यात आहे त्या राज्याच्या कायद्यात बसत असेल तर. तरीही तिथल्या सरकारी इमारतींत ती नेता येत नाही आणि बाळगायला परवानगी म्हणजे झाडायला परवानगी नव्हे. आपल्याकडे सुरुवातच उलटी आहे. आधी बंदी, मग लेखी परवानगी असेल तर सूट.

पहिलं काम: पाय कोणत्या जमिनीवर पडणार ते ओळखा

आपण सगळ्यालाच 'जंगल' म्हणतो. कायदा तसं म्हणत नाही.

अभयारण्य असेल तर कलम ३१ लागू. मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी यांची आधी घेतलेली लेखी परवानगी नसेल, तर कोणतंही हत्यार घेऊन आत जाता येत नाही. राष्ट्रीय उद्यानालाही कलम ३५(८) प्रमाणे हेच लागतं. राज्यातल्या ६ राष्ट्रीय उद्यानांपैकी ४ आपल्याकडे विदर्भात आहेत: ताडोबा, पेंच, गुगामल आणि नवेगाव. अभयारण्यं तर कितीतरी. टिपेश्वर, पैनगंगा, ज्ञानगंगा, काटेपूर्णा, कारंजा-सोहोळ, बोर, नागझिरा, कोका, उमरेड-कऱ्हांडला, घोडाझरी, चपराळा, भामरागड. यातली काही इतकी लहान आहेत की आपण त्यात शिरलो हे रस्त्यावरून जाताना कळतही नाही.

किल्ल्याच्या नावाने फसू नका. नरनाळा हा किल्ला म्हणून सगळ्यांना ठाऊक, पण शहानूरहून वर चढता ते नरनाळा अभयारण्य आहे आणि ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पात येतं. तिथे नियम वनविभागाचे चालतात. गाविलगडाकडे जातानाही हीच चौकशी आधी करायची.

बफरचं, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्याभोवतालच्या पट्ट्याचं, गणित जरा गुंतागुंतीचं. बफरमध्ये गावं, वावरं, राखीव जंगल असं सगळं मिसळलेलं असतं आणि त्याचा बराच भाग अभयारण्य म्हणून जाहीर झालेला नसतो. म्हणून 'बफरमध्ये चालते बंदूक' असं पारावर बोललं जातं. तिथल्या तुमच्या स्वतःच्या घरी लायसनची बंदूक असणं ही एक गोष्ट झाली. ती खांद्याला लावून राखीव जंगलात फिरणं ही वेगळी. राखीव जंगलात विनापरवाना शिरणं भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहेच. वर हातात बंदूक असेल तर शिकारीचा संशय येणारच, कारण वन्यजीव कायद्यात शिकारीचा नुसता प्रयत्न हीसुद्धा शिकारच.

झुडपी जंगल हा खास आपला विषय. पडीक, काटेरी, गुरं चारायची जागा म्हणून आपण ते जंगलात धरत नाही. पण २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगलाच्या जमिनी वनजमिनीच धरायच्या असं सांगितलं. तेव्हा 'हे तर झुडपी आहे' हे उत्तर आता द्यायचं नाही.

कळत नसेल तर तलाठ्याकडे गट नंबर बघा आणि बीटच्या (म्हणजे त्या भागाच्या) वनरक्षकाला विचारा. गार्डला विचारणं सगळ्यात सोपं. त्याला दगड न् दगड माहीत असतो.

तालुक्याच्या गावातली बाग किंवा नगरपरिषदेचं उद्यान इथे वन्यजीव कायद्याचा प्रश्न नाही. पण ती सार्वजनिक जागा आहे आणि तिथे आयुध नियम, २०१६ लागतात. बंदूक पूर्ण झाकलेली, तिच्यासाठीच्या कव्हरमध्ये, तुमच्या ताब्यात हवी. मिरवणं नाही, बार काढणं नाही. नियम मोडला तर लायसन जाऊ शकतं, बंदूकही जाऊ शकते. शिवाय जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७(१) लागू असेल तर लाठ्याकाठ्यांवरही बंदी येते. सणावारांच्या आसपास हा आदेश निघतच असतो. पेपरात आतल्या पानावर छापून येतो आणि कोणी वाचत नाही.

दुसरं: लायसनचं पुस्तक उघडून वाचा

आमच्या गावातल्या किती लायसनदारांनी आपलं लायसन शेवटपर्यंत वाचलं असेल? मी स्वतः वडिलांच्या माघारी ते माझ्या नावावर झालं तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं. बघायचं ते हे. मुदत कधीपर्यंत आहे (२०१९ च्या दुरुस्तीनंतर लायसन ५ वर्षांचं झालं, आधी ३ वर्षांचं होतं). बंदुकीचा नंबर आणि लायसनवरचा नंबर जुळतो का. युनिक आयडी नंबर चढला आहे का. काडतुसं किती ठेवायची परवानगी आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ते कुठल्या भागापुरतं चालतं.

हे शेवटचं आपल्याला फार लागतं, कारण आपलं जंगल राज्याची हद्द मानत नाही. पेंच ओलांडलं की सिवनी-छिंदवाडा, मेळघाट ओलांडलं की बैतूल, गडचिरोलीतून पुढे छत्तीसगड आणि तेलंगणा. लायसन महाराष्ट्रापुरतं असेल तर हद्दीच्या दगडापलीकडे ती बंदूक विनापरवाना. लायसनच्या अटी मोडल्या तर आयुध अधिनियम, १९५९ च्या कलम ३० खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. लायसनच नसेल तर मामला फार वर जातो. २०१९ नंतर कलम २५ खाली साध्या विनापरवाना बंदुकीलाही किमान २ वर्षं आणि ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

बंदूक ज्याच्या नावावर, त्याच्याच हातात. भाच्याला 'धर जरा, मी बुटाची लेस बांधतो' इतकंही नको.

मुदत संपत आली असेल तर दोन महिने आधीच नूतनीकरणाचा अर्ज टाका. तहसील, ठाणं, जिल्हाधिकारी कार्यालय अशा चकरा होतात आणि तेवढा वेळ जातोच.

तिसरं: १० किलोमीटरची नोंद

हे कलम मी ज्याला ज्याला सांगितलं त्याला नवीन होतं. वन्यजीव कायद्याचं कलम ३४. अभयारण्याच्या आत किंवा त्याच्या १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या प्रत्येक लायसनदाराने अभयारण्य जाहीर झाल्यापासून ३ महिन्यांत वनविभागाकडे आपल्या नावाची नोंद करायची असते. आणि या १० किलोमीटरच्या पट्ट्यात नवीन लायसन द्यायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते.

चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्यातल्या किती गावांचं अंतर यात बसतं ते नकाशा उघडून बघा. तुमचं लायसन जुनं आणि अभयारण्य नंतरचं असेल, तर नोंद राहून गेली असण्याचा चांगलाच संभव आहे. परिक्षेत्र कार्यालयात लायसनच्या झेरॉक्ससह साधा अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. उद्या आजूबाजूला शिकारीचा काही प्रकार झाला, तर चौकशीला ज्यांच्या ज्यांच्या दारात येतात त्यांत लायसनदार पहिले. तेव्हा हा शिक्का कामी पडतो.

चौथं: बंदूक ठेवायची कुठे

घरी. कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, किल्ली स्वतःजवळ. एका दिवसाच्या फिरण्याला इतकं पुरतं.

आठ-दहा दिवस सगळं घर बंद राहणार असेल तर ठाण्यात किंवा लायसनधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करा. ठाणेदाराला आधी भेटून अर्ज द्यावा. ऐनवेळी सकाळी सहाला बंदूक घेऊन ठाण्याच्या पायरीवर उभं राहिलात तर तिथला मुन्शी वैतागतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

जिथे कव्हरमध्ये घालून नेता येते तिथेही ती रिकामी, काडतुसं वेगळी आणि लायसन मूळ प्रतीत सोबत. मोबाइलमधल्या फोटोवर नाकाबंदीत निभावेलच असं नाही. जाताना रस्ता अभयारण्यातून जातो का तेही बघून ठेवा. 'हा तर सरकारी डांबरी रस्ता आहे' असं म्हणून सुटता येईल असं कलम ३१ मध्ये कुठेही लिहिलेलं नाही. पाहुण्यांकडे बंदूक पोचवायची असेल तर दहा-वीस किलोमीटरचा फेरा पडला तरी बाहेरचा रस्ता धरा.

लेखी परवानगी काढता येईल का? कागदावर येते. मुख्य वन्यजीव रक्षकांचं कार्यालय नागपूरच्या वनभवनात आहे. पण ही तरतूद बचाव पथकं, बंदोबस्त असल्या कामांसाठी वापरात येते. नुसतं फिरायला जाणाऱ्याला ती मिळावी असं काही कारण मला दिसत नाही आणि त्यामागे लागण्यात वेळ घालवू नये.

पाचवं: पिशवी उलटी करा

बंदूक नसली तरी बाकीच्या वस्तू राहतात. ही यादी मी माझ्या मानहानीनंतर केली.

एअरगन. बऱ्याच जणांना वाटतं की हिला लायसन लागत नाही म्हणजे ती कुठेही न्यावी. .१७७ बोअरपर्यंतची आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीची एअरगन लायसनमधून सुटते हे खरं. पण ती आयुध कायद्यातून सुटली, वन्यजीव कायद्यातून नाही. पक्षी मारू शकणारी वस्तू अभयारण्यात हत्यारच.

गुलेर (गलोल), फासाची तार, मासे धरायचा गळ, जाळं हे सगळं घरीच.

सुतळी बॉम्ब. अस्वलाला पळवायला खिशात दोन ठेवणारे मी पाहिले आहेत. स्फोटकं व्याख्येत आहेत आणि जंगलात आग लागली तर त्याचं वेगळं कलम. मे महिन्यात पानगळीच्या जंगलात ठिणगी काय करते ते आपल्याला कोणी शिकवायला नको.

कोयता, कुऱ्हाड, मोठा चाकू. मोहफुलं, तेंदूपत्ता वेचायला जाणाऱ्यांच्या हातात विळा-कोयता असतोच आणि त्यांचे हक्क वेगळे आहेत. पण वनहक्क कायदा, २००६ ने वनोपजाचा हक्क देतानाही शिकारीचा हक्क स्पष्ट शब्दांत बाहेर ठेवला आहे. फिरायला जाणाऱ्याला तर कोयत्याचं कामच नाही. चाकू व्याख्येत आहे, म्हणून मी कांदा घरूनच चिरून नेतो. हसायचं तर हसा.

अस्वल आलं तर?

मुळात सगळे इथेच अडतात, म्हणून यावर जरा थांबतो.

कलम ११(२) म्हणतं की स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी, सद्भावनेने, वन्यप्राण्याला मारलं किंवा जखमी केलं तर तो गुन्हा नाही. हे वाक्य लोकांना बरोबर पाठ असतं. त्याच्या खालचं कोणी वाचत नाही. खाली लिहिलं आहे की बचावाची वेळ आली तेव्हा तुम्ही स्वतःच या कायद्याचं उल्लंघन करत असाल, तर ही सूट तुम्हाला नाही.

आता जुळवून बघा. परवानगीशिवाय बंदूक घेऊन अभयारण्यात शिरलात, म्हणजे कलम ३१ मोडलं. अस्वल अंगावर आलं, तुम्ही बार काढला, अस्वल मेलं. हातात काठी असती आणि काठीने ते मेलं असतं तर कायदा तुमच्या बाजूला होता. बंदुकीमुळे तो उठून पलीकडे गेला. अस्वल, वाघ, बिबट हे तिन्ही कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहेत. त्यांच्या शिकारीला किमान ३ वर्षं, ७ वर्षांपर्यंत कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५,००० रुपये दंड. ज्या बंदुकीने गुन्हा झाला तिचं लायसन न्यायालय रद्द करू शकतं आणि पुढची ५ वर्षं नवीन मिळत नाही. जप्त झालेली बंदूक सरकारजमा, गाडी वापरली असेल तर गाडीही.

कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब जमत नाही. अस्वल लांबून चालत येत नाही. मोहाच्या दिवसांत पहाटे झाडाखाली खाली मान घालून फुलं खात असतं, त्याला कमी दिसतं, तुमची चाहूल उशिरा लागते, आणि दचकून ते सरळ अंगावर येतं. पाच-सात पावलांचं अंतर. तेवढ्या वेळात कव्हर काढून, काडतूस भरून, सोबतच्या माणसाला चुकवून नेम धरणारा शिकारी मी अजून पाहिला नाही. छर्ऱ्यांनी जखमी झालेलं अस्वल तर मागून येणाऱ्या मोहवाल्या बायांच्या वाट्याला येतं.

जे खरंच उपयोगी पडतं ते आमच्या म्हाताऱ्यांनी आधीच सांगून ठेवलं आहे. एकट्याने जायचं नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहाच्या झाडांजवळ आणि नाल्याच्या झाडीत उजाडल्याशिवाय शिरायचं नाही. बोलत, काठी आपटत चालायचं. बसून शौच किंवा वाकून फुलं वेचताना एकाने उभं राहायचं, कारण वाकलेला माणूस वाघाला चार पायांचा दिसतो. वाघ समोर आला तर पाठ दाखवून पळायचं नाही, तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरकायचं. आणि गेटवर सोबत गाईड घ्या सांगितलं तर घ्या, त्यात पैसे वाचवू नका.

वनविभागाचा १९२६ हा हेल्पलाइन नंबर आणि पोलिसांचा ११२ मोबाइलमध्ये आधीच ठेवा. रेंज कुठपर्यंत येते तेही गार्डला विचारून ठेवा.

नरभक्षक जनावराला मारायचा अधिकारही कोणा गावकऱ्याचा नाही. तो मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी आदेशाने येतो. २ नोव्हेंबर २०१८ ला यवतमाळ जिल्ह्यात अवनी वाघिणीला मारलं तेव्हा असा आदेश होता, तरीसुद्धा ती कशी मारली, नियम पाळले का, यावर किती रान उठलं ते आठवा.

पिकासाठी घेतलेली बंदूक फिरण्यासाठी नाही

'माझं लायसनच पीकसंरक्षणाचं आहे' असं सांगून काही जण सगळीकडे बंदूक नेतात. लायसन बंदूक ठेवण्याचं आहे, जनावर मारण्याचं नाही. रानडुक्कर किंवा रोही (नीलगाय) मारायचा असेल तर वन्यजीव कायद्याखाली वेगळा परवाना लागतो. अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे, नुकसानीच्या तपशिलासह. परवान्यात जागा, जनावर, मुदत लिहिलेली असते, आणि तो तुमच्या वावरापुरता. धुरा (वावराचा बांध) ओलांडून डुक्कर जंगलात पळालं की तो परवाना धुऱ्यावर संपला. मारलेलं जनावर परस्पर वाटून खायचं नाही, अधिकाऱ्याला कळवायचं. जागल संपली की बंदूक आणि काडतुसं मोजून कुलपात. मी तिथेच चुकलो होतो.

अडवलं तर

जंगलात कोणत्याही वन अधिकाऱ्याला, म्हणजे बीटच्या गार्डलाही, कलम ५० खाली तुमची पिशवी आणि गाडी तपासता येते. 'तू कोण तपासणारा?' हा प्रश्न तिथे विचारायचा नाही. काही चुकून राहिलं असेल तर झडतीच्या आधी स्वतः सांगा. लपवलेलं सापडणं आणि सांगून काढून देणं यात गेटवरच्या माणसाच्या मनात मोठा फरक पडतो. पंचनामा शब्द न् शब्द वाचून सही करा. बंदुकीचा नंबर, काडतुसांची संख्या, वेळ आणि ठिकाण बरोबर लिहिलं आहे का बघा, प्रत मागा. समोर मोकळ्या रस्त्यावर सापडलात आणि कागदावर 'आत' लिहिलं गेलं, तर नंतर वकील काय करणार?

बंदूक किंवा काडतूस हरवलं, चोरीला गेलं तर त्याच दिवशी ठाण्यात तक्रार द्या. 'सापडेल उद्या' म्हणून थांबू नका.

निवडणुकीच्या दिवसांत

आचारसंहिता लागली की लायसनच्या बंदुका ठाण्यात जमा करायचे आदेश निघतात. कोणाची जमा करायची, कोणाला सूट द्यायची हे जिल्ह्याची छाननी समिती ठरवते. नेमकं तेव्हाच तूर हिरवी असते आणि डुकरं रोज रात्री वावरात. सूट हवी असेल तर पीकनुकसानीचे कागद जोडून समितीकडे लगेच अर्ज करा, जमा करायची शेवटची तारीख उलटल्यावर नको. आणि जमा करताना पावतीवर बंदुकीच्या नंबरासोबत पट्टा, कव्हर आणि काडतुसं किती दिली तेही लिहून घ्या. परत घेताना पावती दाखवायची आणि त्याच टेबलावर सगळं मोजून घ्यायचं.